गळती कुठे आहे

मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुम्ही एका गाडीत बसला आहात. गाडी तुमच्यापेक्षा वयाने बरीच मोठी आहे. चारही काचा वर आहेत. समोरच्या काचेतून फक्त एक भिंत दिसते, इतकी जवळ की तिच्या रंगाचे पोपडे हात लांबवून काढावेसे वाटतात. आत जुन्या रबराचा, तापलेल्या रेक्झिनचा आणि कधीकाळी सांडलेल्या दुधाचा वास आहे. बाहेरचे आवाज येतात, पण उशीतून आल्यासारखे. आता किल्ली फिरवा. इंजिनाने खाकरून जागं व्हायला हवं, पायाखाली थरथर जाणवायला हवी. तसं काही होत नाही. कुठूनतरी नुसतं 'टक्' वाजतं, जिभेने टाळूला मारावं तसं. पुन्हा फिरवा. पुन्हा टक्. तिसऱ्यांदा तेही नाही. आता असं समजा, की गाडीमागे घरातली तीन माणसं बाहेर जायच्या कपड्यांत उभी आहेत. ती तुमच्याकडे बघताहेत हे तुम्हाला मानेला जाणवतंय, आणि काही केल्या मागे वळून बघवत नाही. एवढं जमलं असेल तर तुम्ही या गोष्टीतले आजोबा झालात. आता लगेच दार उघडून उतरू नका. आजोबांनाही उतरवत नव्हतं.

मागे उभी होती ती त्यांची मुलगी, जावई आणि नात. नातीला सगळे मुंगी म्हणत, कारण ती लहानपणी एका जागी ठरत नसे आणि काहीही उचलून घेऊन जात असे. जावयाच्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं. जावई स्वभावाने गरीब माणूस, कुणाला लागेल असं बोलायचा नाही. तो खिडकीशी वाकून म्हणाला की एखादा दिवा राहिला असेल चालू, होतं असं, आणि टॅक्सी बघायला रस्त्यावर गेला. होतं असं. आजोबांना हे दोन शब्द शर्टाच्या कॉलरमध्ये गेलेल्या केसासारखे टोचत राहिले. बॅटरी उतरायची ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी बॅटरीवाल्याने जुनी काढून नवीकोरी बसवली. दुसऱ्या वेळी त्याने ती नवीच दुकानात नेऊन भरून आणली आणि म्हणाला, "आजोबा, गाडी नुसती उभी राहिली की आखडते. आमच्या सासऱ्यांचंही तसंच आहे. दोघांनाही जरा फिरवत जा." तेव्हा सगळे हसले होते, आजोबा सगळ्यांत जास्त. या खेपेला कुणी हसलं नाही. मुलगी जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबली होती. ती खालच्या आवाजात बोलली, पण त्या पार्किंगमध्ये खालचा आवाजही खांबांवर आपटून मोठा होऊन येतो.

"बाबा, आता आणखी एकदा बंद पडली ना, तर मी ती देऊन टाकणार. आणि मग आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊ."

"गाडी बिघडली म्हणून डॉक्टर?"

"गाडीसाठी नाही," ती म्हणाली.

मुंगी दोघांच्या मधे उभी होती आणि बुटाच्या टोकाने जमिनीवरचा तेलाचा डाग पुसायचा प्रयत्न करत होती.

त्या दिवशी आजोबा जेवायला गेले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले आणि गाडीतच बसून राहिले. गाडीत बसणं हे काही नवीन नव्हतं. मुलीच्या घरी ते राहायला आले तेव्हा त्यांच्यासाठी बाहेरच्या खोलीतला दिवाण ठरला. खोली चांगली होती, उजेड होता, पंखा होता, पण ती सगळ्यांच्या जाण्यायेण्याची वाट होती. सकाळी जाग आली तरी बाकीच्यांची झोपमोड नको म्हणून पडून राहायचं, रात्री सगळ्यांचा टीव्ही संपेपर्यंत बसून राहायचं, आणि दिवसा अंथरूण असं गुंडाळून ठेवायचं की इथे कुणी झोपतं हे पाहुण्याला कळू नये. कुणी तसं सांगितलं नव्हतं. त्यांनीच ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. ज्याला दार आहे आणि जे आपण आतून ओढून घेऊ शकतो असं या घरात त्यांचं एकच ठिकाण होतं, आणि ते तीन मजले खाली भिंतीकडे तोंड करून उभं होतं. दुपारी ते वर्तमानपत्र घेऊन खाली जात. मुलगी फोनवर कुणालातरी हसून सांगे, बाबा ऑफिसला गेलेत. गाडी क्वचितच हलायची. पंधरवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पण हलू शकते म्हणून उभी असणं आणि हलू शकत नाही म्हणून उभी असणं यात केवढा फरक आहे, हे ते कुणाला समजावणार? बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात.

टेलिफोनच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी लाइनवरचे दोष शोधण्यात गेली होती. रस्त्याखालच्या खड्ड्यात उतरायचं, डोक्यावर आकाशाचा एक वाटोळा तुकडा, आणि समोर शेकडो तारांची जुडी. नव्याने आलेली पोरं त्या जुडीकडे बघूनच हात टेकत. आजोबा त्यांना सांगत की सगळी लाइन एकदम डोक्यात घ्यायची नाही. मधे तोडायची. दोष अलीकडे आहे की पलीकडे, एवढंच विचारायचं. ज्या अर्ध्यात दोष असेल तो अर्धा पुन्हा मधे तोडायचा. असं करत गेलं की शेवटी दोषाला लपायला जागाच उरत नाही. एकदा ते असेच खाली असताना वर कुणीतरी चुकून झाकण सरकवून टाकलं. काही मिनिटांचीच गोष्ट, पण ते आकाश गेलं तेव्हाचा तो काळोख त्यांना अजून आठवतो. काळोखाची भीती नव्हती वाटली. भीती वाटली ती आपला आवाज वर पोचतोय की नाही हे कळत नाही याची. आता गाडीच्या बंद काचांच्या आत बसून त्यांना तोच काळोख पुन्हा आठवला, आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. दिवा खरंच राहिला असेल का चालू? त्यांनी आठवून बघितलं. मागच्या वेळी गाडी लावली, किल्ली काढली, दिव्याचं बटण बघितलं, दार लावलं, ओढून बघितलं. अगदी लख्ख आठवत होतं. पण ते मागच्याच वेळचं होतं, की त्याच्याही मागच्या वेळचं? नेहमी तेच करणाऱ्या हातांची आठवण अशीच असते. एकावर एक ठेवलेल्या काचांसारखी, वरची कुठली आणि खालची कुठली ते कळत नाही.

म्हणून त्यांनी ठरवलं, मधे तोडायची. एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला गाडी. बॅटरीवाल्याकडून बॅटरी भरून आणली, पण गाडीत न बसवता जावयाच्या मदतीने वर नेली आणि गॅलरीत कुंड्यांच्या शेजारी ठेवली. मुलीने मुकाट्याने कुंड्या सरकवल्या. मुंगी शाळेतून आली की दप्तर टाकून गॅलरीत यायची, आजोबा वीज मोजायच्या मीटरच्या दोन तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावायचे आणि ती आकडा वाचायची. तिला त्यांनी समजावून सांगितलं होतं की बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी. इंजिन सुरू करायला एकदम मोठी बादली उपसावी लागते, आणि मग गाडी चांगली लांबवर चालली तर ती बादली हळूहळू परत भरते. नुसती सुरू करून बंद केली तर उपसाच होतो. आणि गाडी उभी असताना कुठे बारीकसा नळ ठिबकत राहिला, एखादा चिमुकला दिवासुद्धा, तर आठवड्याच्या आत टाकी कोरडी. मुंगीने हे सगळं मन लावून ऐकलं होतं. पण हे त्यांनी आता नव्हतं सांगितलं. हे सांगितलं होतं मागेच, पहिली बॅटरी उतरायच्याही कितीतरी आधी, दोघं गाडी पुसत असताना. आता तिने काही विचारलं नाही. आकडा वाचायची आणि जायची. पूर्वी एका आकड्यावर दहा प्रश्न विचारणारी पोर. मोठी व्हायला लागली, आजोबांनी मनाशी म्हटलं. आठवडा संपला. आकडा जवळजवळ होता तिथेच होता. बॅटरी निर्दोष होती.

त्या रात्री दिवाणावर पडल्यापडल्या त्यांना आनंद व्हायला हवा होता. अर्धी लाइन मोकळी झाली होती. पण त्यांना असं वाटलं की दोन भिंती होत्या त्यातली एक आत सरकली. कारण दोष बॅटरीत असता तर किती बरं झालं असतं. आता तो गाडीत असायला हवा होता. आणि गाडीत नसला तर? या प्रश्नापाशी आले की ते उठून पाणी प्यायला जात. प्रश्नाच्या पुढे एक चौक होता आणि त्या चौकात त्यांना जायचं नव्हतं.

पण पाणी पिऊन परत आलं तरी चौक तिथेच असे. काही महिन्यांपूर्वीचा. मुंगीला स्केटिंगच्या वर्गाहून घेऊन ते परतत होते. ती मागच्या सीटवर मधोमध बसून शाळेतलं काहीतरी सांगत होती. सिग्नल लागला, ते थांबले. सिग्नल सुटला. आणि त्यांनी समोर बघितलं तर तो चौक त्यांच्या ओळखीचा नव्हता. दुकानं होती, पाट्या होत्या, पाट्यांवरची अक्षरं वाचता येत होती, पण एकाही अक्षराने ओळख दाखवली नाही. चार रस्ते चार अनोळखी माणसांसारखे उभे. या चौकाखालचा प्रत्येक खड्डा ते उतरून आलेले होते, खालची एकेक तार त्यांना पाठ होती, आणि वर कुठे वळायचं ते कळत नव्हतं. मागे हॉर्न वाजायला लागले. हात घामाने इतके ओले झाले की स्टिअरिंग निसटायला लागलं. कुणीतरी शेजारून शिवी देऊन गेलं. तेव्हा मागून मुंगी अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "आजोबा, डावीकडे." मग थोड्या वेळाने, "आता सरळ." मग, "इथे उजवीकडे, दवाखान्यापाशी." असं तिने त्यांना घरी आणलं. गाडी भिंतीसमोर लावून झाल्यावर सगळं परत आलं, पार्किंग, जिना, आपलं नाव, सगळं, जणू काही झालंच नव्हतं. त्यांनी आरशात बघितलं. आरशात तिचे डोळे होते. ते म्हणाले, "आईला सांगू नकोस हं. हे आपल्या दोघांचंच." तिने मान डोलावली. आणि ती शब्दाची पक्की. तिने सांगितलं नाही. त्यानंतर तसं काही झालंही नाही. निदान झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं या शब्दांवर ते अंधारात पडून राहत. दिवा मालवला हे आठवतं. पण चौकातले रस्तेही तर त्यांना जन्मभर आठवत होते.

पुढच्या शनिवारी बॅटरी परत गाडीत बसवली. मुलगी आणि जावई दोघंही वर घरात होते. आजोबांनी इंजिन सुरू करून मीटर लावलं, गाडी बॅटरी नीट भरत होती. उरलेल्याचाही अर्धा मोकळा झाला. आता राहिली ती गळती. गाडी बंद असताना कुठेतरी वीज ठिबकतेय का, हे बघायचं. ते बोनेट उघडून भिंत आणि गाडी यांच्यामध्ये शिरले. तिथे एक माणूस कसाबसा उभा राहू शकतो. पाठीला भिंतीचा गारवा, समोर उभं बोनेट, म्हणजे पलीकडचं काहीच दिसत नाही. बॅटरीची काळी तार त्यांनी सोडवली आणि ती तार आणि बॅटरी यांच्या मधे मीटर बसवलं, म्हणजे गाडीत जाणारी वीज आता मीटरमधूनच जाणार. मुंगी पलीकडे होती, दारं उघडायला आणि लावायला. ती दिसत नव्हती. नुसता आवाज यायचा.

सगळं बंद असताना मीटरवर अगदी नगण्य आकडा होता, घड्याळाला लागते तेवढी वीज. त्यावर गाडी महिनाभर उभी राहिली असती. तरीही आजोबांनी एकेक फ्यूज काढून बघितला. रेडिओचा, पंख्याचा, हॉर्नचा. आकडा हलला नाही. मग त्यांनी मुंगीला पुढचं दार उघडायला सांगितलं. आकडा उसळला, कारण छतातला दिवा लागला. दार लावलं, पडला. दुसरं दार. उसळला, पडला. प्रत्येक वेळी आकडा उसळला की आजोबांचाही जीव उसळायचा, हा पडणार नाही, हा अडकेल, सापडला. आणि प्रत्येक वेळी तो आज्ञाधारकपणे पडायचा. इतकी गुणी गाडी त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. आता फक्त डिकी राहिली. "डिकी उघड," ते म्हणाले. पलीकडून काही हालचाल झाली नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा डिकीच्या बिजागऱ्या कुरकुरल्या आणि आकडा उसळला. डिकीत एक बोटभर दिवा होता आणि मुंगीचे स्केट्स होते. घरात जागा नाही म्हणून ते गाडीतच राहत, आणि त्यासाठी गाडीची किल्ली तिच्या हाताला येईल अशा खिळ्याला टांगलेली असे. "आता लाव." डिकी धाडकन लागली. आकडा पडला. पुन्हा तोच नगण्य, शहाणा आकडा.

आजोबा मीटरकडे बघत राहिले. लाइन संपली होती. तोडायला आता काही उरलं नव्हतं. बॅटरीत दोष नाही, भरण्यात दोष नाही, गळती नाही. मग दोषाला लपायला एकच जागा राहिली, आणि ती जागा भिंत आणि बोनेट यांच्यामध्ये उभी होती. पाठीचा गारवा छातीपर्यंत आला. वर कुठल्यातरी मजल्यावर कुणी भांडी घासत होतं, तो आवाज अगदी स्पष्ट येत होता, आणि त्यांना वाटलं की आपण आता बोललो तर आपला आवाज वर पोचणार नाही. ते मोठ्याने बोलले तेव्हा ते मुंगीशी बोलत होते असंही नाही.

"गाडी ठीक आहे. मीच विसरतोय. काहीतरी चालू ठेवतोय आणि विसरतोय."

बोनेटच्या पलीकडून ती म्हणाली, "तुम्ही नाही विसरत."

"मग कोण?"

"डिकी अर्धी लावली ना, की बाहेरून लागलेली दिसते. पण दिवा चालूच राहतो. मागच्या सीटवरून डिकीवरची फळी उचलून बघितलं की दिसतो."

हे त्यांनी तिला शिकवलेलं नव्हतं. हे त्यांनाच माहीत नव्हतं. त्यांच्यातला जुना लाइनवरचा माणूस आधी खूश झाला, शाब्बास म्हणायला तोंडही उघडलं, आणि मग ते तसंच उघडं राहिलं. आठवड्याच्या सुरुवातीला अर्धी लावायची. आजोबा गाडी बाहेर काढायच्या आदल्या दिवशी पूर्ण लावायची. टाकी कोरडी, आणि नळ बंद. त्यांनी मागे मोजत नेलं. पहिली बॅटरी उतरली ती कधी? चौकानंतर लगेचच. त्याआधी कितीतरी वर्षं या गाडीने एकदाही दगा दिला नव्हता. मी विसरत नाही, हे पहिलं वाक्य त्यांच्या मनात असं लख्ख उजाडलं की डोळ्यांत पाणी आलं. मी दिवे मालवले होते. मला आठवत होतं ते खरंच घडलेलं होतं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य, सावकाश, भिंत सरकावी तसं. दिवे विसरलो नाही म्हणून चौक विसरलो नव्हतो असं होत नाही. तिला बोलायची बंदी होती. म्हणून तिने बोलण्याऐवजी गाडी बंद पाडली. रोज शाळेतून येऊन गॅलरीत आकडे वाचणारी ती पोर, आजोबा शोधत शोधत कुठपर्यंत आलेत हे बघत असणार. त्यांनी तिला खड्ड्यात उतरवलं होतं आणि वरून स्वतःच्या हाताने झाकण सरकवलं होतं. सगळं त्यांना समजलं. समजल्यावर माणसाने काय करायला हवं तेही त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी ते केलं नाही. मुलांनो, मोठी माणसं समजूनही करत नाहीत असं पुष्कळ असतं. त्यांनी मीटर काढलं, काळी तार परत बसवली, पान्याने नट आवळला, बोनेट पाडलं. मुंगी गाडीच्या उजव्या बाजूला उभी होती. केसांची एक बट तोंडात धरून चावत होती. तिच्याकडे न बघता ते आत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. काय आवाज होता तो. पायातून, मांड्यांतून, थेट मणक्यातून वर चढत गेला. गाडी चांगली आहे. डोकंही चांगलं आहे. एकदा, फक्त एकदा झालं, थकवा असेल, ऊन असेल. डॉक्टरांना काय कळतं, ते चार प्रश्न विचारणार, आजची तारीख काय आणि शंभरातून सात गेले किती, आणि त्या उत्तरांवर किल्ली काढून घेणार, आणि मग उरलेलं सगळं आयुष्य त्या दिवाणावर, अंथरूण गुंडाळून. नाही. आता डिकी नीट लावायची, बस. कुणाला काही कळायचं कारण नाही. त्यांनी गाडी मागे घ्यायला गिअर टाकला. आरशात फाटक उघडं होतं आणि फाटकाबाहेर रस्त्याचा उन्हाने पांढरा झालेला तुकडा. त्यांनी खिडकीची काच खाली केली.

"चल, बस. एक चक्कर मारून येऊ. बॅटरी भरेल."

ती हलली नाही.

"अगं, मी रागावलो नाहीये. खरंच नाही. बस मागे." आणि मग त्यांच्या तोंडून ते गेलंच. जायला नको होतं हे शब्द ओठांवर असतानाच त्यांना कळलं, पण हात सवयीने दार लावतात तसे ओठांनी ते वाक्य पूर्ण केलं. "आणि हे डिकीचं आईला सांगू नकोस. आपल्या दोघांचंच राहू दे."

मुंगीने तोंडातली बट काढली. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग खाली केलेल्या काचेकडे, मग स्टिअरिंगकडे. ती जवळ आली. आजोबांना वाटलं, काहीतरी कानात सांगायला येतेय, म्हणून त्यांनी मान थोडी तिच्याकडे झुकवली. ती चवड्यांवर उभी राहिली, खिडकीतून अर्धी आत वाकली, त्यांच्या हातांच्या मधून आपला हात घातला आणि हॉर्न दाबला. दाबून धरला. पार्किंगच्या खांबाखांबांवर तो आवाज आपटला आणि मोठा होऊन परत आला. वॉचमन खुर्चीतून उठला. दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. आजोबा तिचा हात बाजूला करू शकले असते, तो हात होता केवढासा. त्यांनी स्टिअरिंग सोडून दिलं आणि आपले हात मांडीवर ठेवले. हॉर्न वाजत राहिला. तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी पार्किंगच्या तोंडावरच येते. तिथे ओल्या हातांनी मुलगी आली आणि कठड्यावरून वाकली. तेव्हा मुंगीने हात काढला, धावत उन्हात गेली आणि वर बघून म्हणाली, "आई, खाली ये. आजोबांना तुला काहीतरी सांगायचंय."

वर गॅलरी रिकामी झाली. मग जिन्यावर चपला वाजायला लागल्या. आजोबांनी गिअर काढला आणि किल्लीकडे हात नेला. तोपर्यंत मुंगी परत आली होती. तिने गाडीचं दार उघडलं, सताड उघडलं, आणि दार अंगाने अडवून त्यांच्या खांद्याला टेकून उभी राहिली.

"इंजिन बंद करू नका," ती म्हणाली. "आई येईपर्यंत तेवढीच भरेल."